गोडी सापडत नाही, ती लागते

येरवड्याला डेक्कन कॉलेजात एक दालन आहे. तिथे कपाटंच कपाटं, कपाटांत खण आणि खणांत हाताने लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सुमारे १५०० संस्कृत ग्रंथांतून वेचलेले शब्द त्या चिठ्ठ्यांवर आहेत आणि त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये या संस्कृत महाकोशाचं काम सुरू केलं. चिठ्ठ्या लिहिण्यातच पाव शतक गेलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मग एकामागून एक खंड येत राहिले, आणि कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे.

मी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. एकदा वर्गातल्या मुलांना घेऊन ते दालन बघायला गेले होते. बघून झाल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला आणि म्हणाला, “मॅडम, हे काम आपल्या हयातीत संपणार नाही, आपल्या टेबलावर ‘क’सुद्धा येणार नाही, हे ज्याला पक्कं माहीत आहे तो माणूस रोज सकाळी डबा घेऊन इथे कशासाठी येत असेल?”

परतीच्या बसमध्ये कळलं की त्याचा खरा प्रश्न स्वतःविषयीचा होता. कॅम्पसमधून नोकरी लागली होती, घरी पेढे वाटून झाले होते, आणि त्याला आतून काहीच वाटत नव्हतं. “माझं पॅशनच मला अजून सापडलेलं नाही,” तो म्हणाला. हे वाक्य मी दरवर्षी कितीतरी मुलांकडून ऐकते. चाळिशीतली माणसंही हेच बोलतात, फक्त शब्द बदलतात. घर झालं, गाडी झाली, मुलं शाळेत जातात, पण हे सगळं कशासाठी चाललंय ते कळेनासं झालंय.

त्या मुलाला बसमध्ये मी नीट उत्तर देऊ शकले नाही. आता देऊन बघते.

पहिली गोष्ट म्हणजे हा ‘कशासाठी’ एकच प्रश्न नाही. त्यात तीन धागे गुंतलेले असतात. फिनलंडचे फ्रँक मार्टेला आणि अमेरिकेचे मायकल स्टेगर या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ते नीट वेगळे करून मांडले. एक, आयुष्यात जे घडतंय त्याची संगती लागते का. दोन, पुढे कुठे जायचं त्याची दिशा आहे का. तीन, आपल्या असण्याला काही मोल आहे का, आपण असलो-नसलो तर कुणाला काही फरक पडतो का. मला अप्रूप वाटतं ते याचं की मराठीत या तिन्हींसाठी एकच क्रियापद चालतं. अर्थ लागतो. माणूस वाटेला लागतो. आणि घरात कार्य निघालं की बहीण फोन करून सांगते, “आठ दिवस आधी ये, तू मला लागणार आहेस.” त्या एका वाक्याने आपल्याला किती बरं वाटतं ते आठवून बघा.

तीन धागे वेगळे करायचे ते एवढ्यासाठी, की नेमका कोणता सैल झालाय हे कळल्याशिवाय काय करायचं ते ठरत नाही. ज्याची दिशा हरवलीय त्याला सुट्टी घेऊन उपयोग होत नाही. जो कुणालाच लागेनासा झालाय त्याला नवीन ध्येय दिलं तर तो ते महिनाभर ओढतो आणि सोडून देतो.

माझ्या भाच्याचंच बघा. वय २९, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, वाकडला भाड्याचा फ्लॅट. गोदामातल्या मालाची नोंद ठेवणाऱ्या एका प्रणालीवर तो पाच वर्षं काम करत होता. काम येत होतं, पगार बरा होता, वरिष्ठ भले होते. तरी रविवारी दुपारी जेवण झालं की त्याच्या पोटात गोळा यायचा. “मावशी, मी दिवसभर तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, बंद करतो. एक बंद केलं की दुसरं उघडतं. मी नसतो तर दुसऱ्या कुणीतरी बंद केली असती.” त्याला वाटत होतं आपण चुकीच्या क्षेत्रात आलो, फोटोग्राफी करायला हवी होती.

क्षेत्र चुकलं असेल-नसेल, पण त्याच्या शेवटच्या वाक्यात तिसरा धागा दिसत होता. आपण जे करतो ते ज्याच्यापर्यंत पोचतं तो माणूस त्याने पाच वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. मोठ्या कामांची ही अडचणच आहे. काम इतक्या हातांत वाटलं जातं की आपल्या हातातला तुकडा कशाचा आहे ते दिसत नाही. शिंप्याला गिऱ्हाइकाच्या अंगावर सदरा बसलेला दिसतो. हिंजवडीतल्या मुलाला एका चौकोनाचा रंग लालचा हिरवा झालेला दिसतो.

ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ चा एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात काही जण माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायचं काम करत होते. कंटाळवाणं काम, बहुतेक वेळा नकार. त्यांतल्या एका गटाला अशा देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं बोलू दिलं. एवढंच. महिन्याभराने मोजलं तेव्हा या गटाचा फोनवरचा वेळ जवळजवळ अडीचपट झाला होता आणि जमवलेली रक्कम पावणेतीनपट. पगार तोच, काम तेच, खोली तीच. आपण कुणाला लागतो ते त्यांना समोर दिसलं होतं.

भाच्याला मी हा प्रयोग सांगितला. त्याने महिनाभर मागे लागून चाकणच्या एका गोदामात एक दिवस काढायची परवानगी मिळवली. तिथे हातमोजे घातलेला एक माणूस दर खोक्यामागे तेच बटण दोनदा दाबत होता, कारण पहिल्यांदा दाबल्यावर पडदा मागे जायचा. दिवसाला शेकडो खोकी. भाच्याने परत येऊन ती चूक दुरुस्त केली, अर्ध्या दिवसाचं काम होतं. फोटोग्राफीचा विषय त्याने सोडलेला नाही आणि सोडावा असंही मी म्हणत नाही. पण रविवारच्या दुपारी आता बऱ्या जातात, आणि दर तीन महिन्यांनी तो कुठल्या ना कुठल्या गोदामात जाऊन उभा राहतो.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येते. पॅशन सापडत नाही. ‘सापडणं’ म्हटलं की आपण असं धरून चालतो की ती वस्तू कुठेतरी तयार पडलेली आहे, आपण फक्त योग्य खण उघडायचा. मराठी तसं म्हणत नाही. गोडी लागते, नाद लागतो, वेड लागतं, मन लागतं. संगत घडावी लागते, हात लावावा लागतो, मग ती लागते. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हेच पुढे आलं. आवड ही जन्मतः ठरलेली, शोधून काढायची गोष्ट आहे असं मानणारी मुलं दुसऱ्या विषयाकडे कमी वळतात, आणि जे आवडतं तेही अवघड वाटू लागलं की त्यांची गोडी झपाट्याने उतरते. ‘अवघड जातंय म्हणजे हे माझं नव्हेच’ असा निष्कर्ष ती काढतात. आवड वाढवावी लागते असं मानणारी मुलं अवघड टप्प्यावर टिकतात. प्रत्येक विद्येत पहिली दोन-तीन वर्षं रुक्ष असतात, तबल्यात आणि लेखापालनात सारखीच. ती ओलांडायच्या आधीच ‘माझं पॅशन नाही’ म्हणून उठणाऱ्या हुशार मुलांना बघून मला खरंच वाईट वाटतं.

पुण्याला याचं सगळ्यात मोठं उदाहरण घरचंच आहे. आपण रोज कर्वे रस्त्याने जातो आणि तो माणूस जन्मल्यापासून स्त्रीशिक्षणाचा ध्यास घेऊन आला होता असं समजतो. तसं नव्हतं. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा, बालपण दापोलीजवळच्या मुरूडचं. सहावीच्या परीक्षेसाठी शंभर मैलांहून जास्त चालत ते साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसता म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे गणित शिकले, मुंबईत शिकवण्या केल्या. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई वारल्या आणि त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला ते पुण्याला आले. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं. १८९३ मध्ये मित्राची विधवा बहीण गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुरूडने वाळीत टाकलं.

इथवर हा एका माणसाचा, स्वतःच्या संसारापुरता घेतलेला धाडसी निर्णय आहे. त्यानंतर काही वर्षं ते विधवाविवाहाच्या प्रचारात होते. ते करताना त्यांना दिसत गेलं की लग्नाहून आधी या मुलींना शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं लागतं. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याला झोपडी बांधून आश्रम तिथे नेला, आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की हा माणूस रोज चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचा. पुढे कुणीतरी त्यांना जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पाठवली. त्यातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. कर्वे तेव्हा ५८ वर्षांचे होते.

आश्रम निघाला तेव्हा वय ३८, विद्यापीठ ५८. मधल्या काळात एकदाही ते ‘माझं प्रयोजन काय’ म्हणून डोळे मिटून बसलेले दिसत नाहीत. समोर एक अडलेलं माणूस होतं, त्याच्यासाठी एक पाऊल टाकलं, त्या पावलावरून पुढची गरज दिसली. दिशा चालता चालता बदलली. आणि पोटापाण्यासाठी ते अनेक वर्षं गणितच शिकवत होते, हे विसरू नये. नोकरी सोडून झोकून देणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याला आवडतात, पण हिंगण्याची वाट रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तुडवली गेली.

जाता जाता ‘इकिगाई’च्या, म्हणजे जगावंसं वाटण्याच्या कारणाच्या, त्या चार वर्तुळांबद्दल. आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते, या चारींच्या छेदात तुमचं प्रयोजन आहे, असं ते चित्र सांगतं. शब्द जपानी आहे, चित्र जपानी नाही. ते युरोपात तयार झालं आणि २०१४ च्या सुमाराला त्यावर इकिगाई हे नाव चिकटलं. जपानमध्ये या विषयाचा गंभीर अभ्यास करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करत होत्या. ज्यांचं सगळंच हिरावलं गेलंय त्यांना जगावंसं कशाने वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. तिथे पगाराचं वर्तुळ कुठून येणार? जपानी माणसाच्या बोलण्यात इकिगाई म्हणजे नातवंडंही असतात आणि अंगणातली फुलझाडंही. चारही वर्तुळं एकाच नोकरीत जुळायला हवीत असं मानलं की चांगलं चाललेलं आयुष्यही अपुरं वाटू लागतं.

नोकरीकडे बघण्याच्या तीन तऱ्हा एमी रेझ्नेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडल्या. मी त्यांना भाकरी, शिडी आणि वसा म्हणते. कुणासाठी काम म्हणजे भाकरी, खरं आयुष्य कामानंतर सुरू होतं. कुणासाठी ती शिडी, पुढची पायरी महत्त्वाची. आणि कुणासाठी तो वसा, करायचा म्हणून करायचा. मजेची गोष्ट अशी की अभ्यासात एकाच हुद्द्यावर एकच काम करणारी माणसंही या तिन्ही गटांत साधारण सारखीच विभागलेली निघाली. म्हणजे वसा कामाच्या नावात नसतो. पुढे रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलून पाहिलं. काही जण म्हणाले, आम्ही फरशी पुसतो. काही जण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक समजत होते. घाबरलेल्या नातेवाइकाला वाट दाखवणं, कोणत्या खोलीत एकटं कोण आहे ते लक्षात ठेवून तिथे थोडं थांबणं, हे त्यांनी आपल्या कामात स्वतःहून घेतलं होतं.

हे वाचताना मला आपल्या सोसायटीतून ओला-सुका कचरा घेऊन जाणाऱ्या बायका आठवतात. १९९३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, आणि २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र मिळालं, वर्गीकरण करून शहराचं ओझं कमी करणारी कामगार म्हणून तिचं नाव लागलं. हात तेच, पण त्या कामाचा अर्थ लागला, तिला आणि थोडाफार आपल्यालाही.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. त्या संघटनेने आधी हातमोजे, दर आणि हक्क मागितले. अर्थाच्या गोष्टी सांगून पगार मारायची सवय आपल्याकडे फार आहे. शिक्षक, परिचारिका, अंगणवाडीताई यांना ‘तुमचं काम म्हणजे सेवा’ म्हणायचं आणि मानधनावर राबवायचं. प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्यांवर स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन यांचा २००९ चा अभ्यास आहे. प्राण्यांची काळजी हा ज्यांना वसा वाटत होता त्यांना कामात खोल अर्थ मिळत होता, आणि तीच माणसं कमी पगार, जादा तास सोसायलाही तयार होती. वसा असलेल्या माणसाचा गैरफायदा घेणं सोपं असतं. म्हणून कुणी नोकरीला नुसती भाकरी म्हणत असेल, ती नेकीने करत असेल आणि संध्याकाळी भजनी मंडळात मनापासून टाळ वाजवत असेल, तर त्याच्या आयुष्यात काही कमी आहे असं मी मानत नाही.

वसा हा शब्द मी मुद्दाम वापरला. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये आटपाट नगरातली गरीब बाई वसा घेते, आणि ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ म्हणते. वसा सापडत नाही, तो घेतात. कुणाकडून तरी, ठरावीक दिवसांसाठी, आणि मग तो पाळतात. ‘माझं आयुष्य कशासाठी’ या प्रश्नासमोर हातपाय गळालेल्या मुलांना मी सांगते की आयुष्याचं राहू दे, चार महिन्यांचं बोल. एक चातुर्मास. आजूबाजूला बघ, कुणाचं काय अडलंय आणि त्यातलं काय तुला थोडंफार जमतं. वस्तीतल्या दोन मुलांचं गणित, आजीच्या औषधांचं वेळापत्रक, सोसायटीचे रखडलेले हिशोब. चार महिने टाकू नकोस, कंटाळा आला तरी. त्यानंतर गोडी लागली का बघ. नाही लागली तर दुसरा वसा घे. सगळेच लागत नाहीत.

मात्र आवडत्या गोष्टीतही दोन-दोन आठवडे मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर तो प्रयोजनाचा प्रश्न नाही, आजाराचा असू शकतो. तेव्हा आधी डॉक्टर. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो.

हे मी घरातून शिकले. माझे बाबा ३४ वर्षं एका कारखान्यात साच्यांच्या विभागात होते. मशीन अडलं की रात्री दोन वाजताही त्यांना बोलावणं यायचं. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मजेत गेले. मग ते दिवसा झोपू लागले, जेवण कमी झालं, पेपर तसाच घडी घातलेला राहू लागला. आम्ही आधी डॉक्टरांकडे नेलं, औषधं झाली, झोप सुधारली. तरी काहीतरी उरलंच. एकदा त्यांनी आईला विचारलेलं मी ऐकलं, “आता मी कुणाला लागतो गं?”

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून १९४५ मध्ये जिवंत बाहेर आले. अर्थ तीन वाटांनी येतो असं ते सांगत: काही घडवण्यातून, कुणावर तरी जीव लावण्यातून, आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो त्यातून. आयुष्याकडे आपण काय मागतो हे बाजूला ठेवून आयुष्य आपल्याकडे काय मागतंय ते ऐकावं, असा त्यांचा रोख होता. बाबांना हे सगळं सांगून काही झालं नसतं. झालं ते असं की शेजारच्या काकांनी त्यांना पहाटे तळजाईवर फिरायला ओढून नेलं आणि पाण्याच्या दोन बाटल्या हातात दिल्या. टेकडीवर लावलेली रोपं उन्हाळ्यात जगवायला पुण्यातली पुष्कळ माणसं अशी घरून पाणी नेतात. पहिल्या आठवड्यात बाबा कुरकुरले, गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वहीत रोपांची यादी केली. मग बाटलीच्या बुचाला छिद्र पाडून, बाटली मुळाशी उलटी रोवून थेंब थेंब पाणी कसं झिरपेल त्याचे प्रयोग सुरू झाले. साच्यांच्या विभागातले हात पुन्हा कामाला लागले.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी तापाने ते आठ दिवस अंथरुणाला खिळले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बसले आणि समोरच्या इमारतीतल्या बारावी झालेल्या मुलीला फोन लावला. ती अधूनमधून त्यांच्याबरोबर टेकडीवर यायची. “दुसऱ्या वळणावर बहावा आहे, त्याला आधी घाल. करंजाला एक दिवस नसलं तरी चालतं. आणि खडकाजवळच्या कडुनिंबाला पाणी घातलंस की खालच्या मातीला हात लावून बघ, ओल किती खाली गेलीय ते.” पलीकडून ती काहीतरी विचारत होती. बाबांनी उशाखालची वही ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून एकेक झाड तिला सांगायला सुरुवात केली.